गर्दी हवी की गार्डन?

अमेरिकेत दोन ऑफर्स, एक एक्सेल शीट आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई. दर चौरस किलोमीटरला माणसं किती, हा भूगोलाच्या पेपरातला प्रश्न एकदम घरातला कसा झाला, त्याची ही गोष्ट.

डोंबिवलीहून रोज सकाळी ८.१२ ची फास्ट पकडणाऱ्या मुलीला गर्दीचं कौतुक कुणी सांगू नये. मी ती सहा वर्षं पकडली. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात पर्स, पायावर कुणाचा तरी पाय आणि कानात कुणाच्या तरी सासूची गोष्ट. तेव्हा माझं एकच स्वप्न होतं. अशा ठिकाणी राहायचं, जिथे दोन्ही हात पसरले तरी कुणाला लागणार नाहीत.

ते स्वप्न खरं व्हायची वेळ आली, तीही चक्क ई-मेलने. न्यू जर्सीतलं माझं प्रोजेक्ट संपत आलं होतं आणि मॅनेजरने दोन पर्याय दिले. इथेच राहा, नाहीतर ह्यूस्टनच्या ऑफिसला जा. पगार तोच. उत्तर फेब्रुवारीअखेर.

आता मी पडले डेटावाली. दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसणं हाच माझा धंदा. त्यामुळे देवाला कौल लावायच्या ऐवजी मी एक्सेल शीट उघडली. कॉलम पहिला, घरभाडं : ह्यूस्टन स्वस्त. कॉलम दुसरा, टॅक्स : टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. कॉलम तिसरा, नातेवाईक : दादा-वहिनी तिकडेच. आणि शेवटचा कॉलम, माझा लाडका : लोकसंख्येची घनता. २०२० च्या जनगणनेनुसार न्यूयॉर्क शहरात दर चौरस किलोमीटरला सुमारे ११,३०० माणसं. ह्यूस्टनमध्ये जेमतेम १,४००. म्हणजे माणशी आठपट जागा! ८.१२ ची शपथ, अजून काय हवं?

निकाल लागल्यातच जमा होता. पण पुढच्या तीन महिन्यांत कामाने आणि सुट्टीने मला चार गावं फिरवली आणि प्रत्येक गावाने माझ्या त्या लाडक्या कॉलमवर एकेक काट मारली.

माणसं ठेवतात कुठे?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दादाकडे गेले. आई ऑक्टोबरपासून तिथेच होती. दादाचं घर ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे हिरवळ आणि हिरवळीच्या कडेला आईने लावलेली मेथी. त्या बाजूला जाताना केटी फ्रीवे लागतो. बाजूचे सर्व्हिस रोड धरले तर तो काही ठिकाणी २६ लेन्सचा आहे. मी खिडकीला नाक लावून मोजतच बसले. सॉलिड वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चल, पाय मोकळे करून येऊ." निघालो. एकसारखी घरं, एकसारखी झाडं, स्वच्छ फुटपाथ आणि त्यावर आम्ही दोघीच. वीस मिनिटांत भेटलं कोण? एक खार आणि एक कुरिअरवाला. तेवढ्यात एक गाडी हळू झाली, काच खाली आली आणि आतल्या बाईंनी काळजीने विचारलं, "गाडी बंद पडलीय का? कुठे सोडू का?" पायी चालणारा माणूस म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस, असा तिकडचा साधा हिशोब.

परत येताना आईने विचारलं, "अगं, इथे माणसं ठेवतात कुठे?"

मी हसले. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. डोंबिवलीत पंधरा मिनिटांवरच्या मंडईतून भाजी आणायला आईला दीड तास लागतो, कारण वाटेत निम्मं गाव भेटतं. तीच आई इथे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात एकटी. दादा-वहिनी ऑफिसला, मुलं शाळेत. दूध संपलं तर दुकान पाच किलोमीटरवर आणि आईला गाडी येत नाही. दादा काही कमी करत नव्हता हं. शनिवारी देऊळ, रविवारी मॉल. मधले पाच दिवस ती मला फोन करायची. एकेक फोन तासतासभर चालायचा आणि त्यात सांगण्यासारखं काही नसायचं.

ह्यूस्टनचा प्रकार मोठा गमतीदार आहे. लोकसंख्या २३ लाख आणि जमीन साडेसोळाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. मुंबई शहर आणि उपनगर एकत्र धरलं तरी त्याच्या अडीचपटीहून जास्त. आणि अमेरिकेतलं हे एकमेव मोठं शहर, जिथे झोनिंग नाही. म्हणजे इथे घरं, तिथे दुकानं, असा सरकारी नकाशाच नाही. मग तर सगळं जवळजवळ यायला हवं, नाही का? पण दुसऱ्या नियमांनी ती कसर भरून काढली. प्लॉट अमुक इतका मोठा हवाच, दुकानापुढे अमुक गाड्यांचं पार्किंग हवंच, शिवाय प्रत्येक कॉलनीचे आपापले करार. १९९८ मध्ये शहराने ६१० नंबरच्या रिंगरोडच्या आतल्या भागात प्लॉटची किमान मर्यादा ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणली. लगेच एका बंगल्याच्या जागी तीन-तीन टाउनहाउस उभी राहायला लागली. २०१३ मध्ये हीच सवलत शहरभर मिळाली. म्हणजे विरळ राहणं ही काही सगळ्यांची आवड नव्हती. निम्मं काम नियमच करत होता.

शीट मात्र मी बदलली नाही. म्हटलं, आईचा प्रश्न वेगळा, माझा वेगळा. मला कुठे रोज मंडईत जायचंय?

लॉस एंजेलिसचा गुगली

डिसेंबरमध्ये क्लायंटकडे आठवडाभर लॉस एंजेलिस. हे गाव म्हणजे पसरट, मोटारींचं, जिथे शेजाऱ्याकडे जायलासुद्धा गाडी काढतात, अशी आपल्या सगळ्यांची समजूत. शहराचा आकडा तेच सांगतो : दर चौरस किलोमीटरला सुमारे ३,२००. न्यूयॉर्कच्या पावपटीहून थोडासाच जास्त. मीही शीटमध्ये बिनधास्त टाकला.

पण माझं हॉटेल होतं कोरियाटाउनमध्ये. खाली उतरलं की कोरियन बार्बेक्यू, शेजारी मेक्सिकन टॅको, वर तीन-चार मजली जुन्या इमारती आणि फुटपाथवर रात्री अकरालाही माणसं. डेटावाल्या बाईला संशय येणारच. रात्री लॅपटॉप उघडला आणि चाट पडले.

शहराची हद्द ही महापालिकेने आखलेली रेघ असते. ती रेघ कुठे पडली यावर सरासरी नाचते. म्हणून अमेरिकेचं जनगणना खातं सलग बांधलेला सगळा नागरी पट्टा धरूनही मोजतं, उपनगरांसकट. त्या मोजणीत २०२० मध्ये दहा लाखांहून मोठ्या पट्ट्यांत पहिला नंबर कुणाचा? लॉस एंजेलिसचा! सुमारे २,९०० माणसं दर चौरस किलोमीटरला. दुसरं सॅन फ्रान्सिस्को, तिसरं सॅन होजे आणि आपलं न्यूयॉर्क चौथं, २,३००.

कसं शक्य आहे? विमान उतरताना खिडकीतून बघा, उत्तर दिसतं. लॉस एंजेलिसच्या एका बाजूला समुद्र, बाकी बाजूंना डोंगर. मधल्या जागेत छोट्या प्लॉटवरची छोटी घरं एकमेकांना खेटून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली आहेत. न्यूयॉर्कचं उलट. मध्यभागी मॅनहॅटनची तोबा गर्दी आणि तासाभराच्या अंतरावर न्यू जर्सी, कनेक्टिकटच्या झाडीत एकेक एकरात एकेक घर.

मग खरं दाट कुठलं? इथे आपली लोकल कामाला येते. समजा, एक डबा दिवसभरात दोन फेऱ्या करतो. सकाळी साडेआठला आत २०० जणी, दुपारी दोनला २०. रेल्वे म्हणणार, सरासरी ११०, म्हणजे ठीकच आहे की! पण त्या २२० जणींना एकेकीला विचारा, तुझ्या डब्यात किती होत्या? त्यातल्या २०० जणी म्हणतील, दोनशे. डब्याची सरासरी वेगळी आणि डब्यात उभ्या असलेल्या बाईची सरासरी वेगळी!

जनगणना खात्याने २०१० च्या आकड्यांवर हाच फंडा वापरला. जमिनीला न विचारता माणसांना विचारलं, तुमच्या आजूबाजूला दाटी किती? लगेच न्यूयॉर्क महानगराचा आकडा गेला दर चौरस किलोमीटरला १२ हजारांवर आणि लॉस एंजेलिसचा राहिला पावणेपाच हजारांच्या आसपास. सगळं परत जागच्या जागी.

माझ्या लाडक्या कॉलमवर पहिली काट. शहराचा आकडा म्हणजे माझ्या दाराबाहेरचा आकडा नव्हे.

टॉवर नसलेली दाटी

नाताळच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर मेक्सिको सिटी. उत्तर अमेरिका म्हटलं की आपण अमेरिका, फार तर कॅनडा म्हणून थांबतो. खंडातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी हे एक, हे चटकन आठवत नाही. २०२० ची लोकसंख्या ९२ लाख, घनता सुमारे ६,२००. ऐकायला फार वाटत नाही ना? कारण हद्दीतला अर्ध्याहून जास्त भाग डोंगर, जंगल आणि शेती आहे. दक्षिणेच्या मिल्पा आल्ता विभागात दर चौरस किलोमीटरला फक्त ५०० माणसं, तर इस्ताकाल्कोत साडेसतरा हजार. शहर एकच, फरक ३५ पट.

इस्तापालापा या विभागात १८ लाखांहून जास्त लोक राहतात, घनता १६ हजारांच्या वर. तिथे २०२१ पासून केबलबस चालते. म्हणजे डोंगरावरचा रोपवे असतो ना, तसा पाळणा, पण रोजच्या प्रवासासाठी. आम्ही बसलो. खाली नजर पोहोचेल तिथवर छपरंच छपरं. दोन मजली, तीन मजली, प्लॅस्टर न केलेल्या भिंती, वरच्या मजल्यासाठी मोकळ्या सोडलेल्या सळ्या आणि प्रत्येक छपरावर पाण्याची काळी टाकी. काही छपरांवर तर मोठमोठी चित्रं रंगवलेली, खास पाळण्यातल्या माणसांनी बघावीत म्हणून. माझ्या तोंडून निघालंच, "अरे, ही तर आपली डोंबिवली!"

आणि टॉवर? जवळपास एकही नाही. दाटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाळीस मजले येतात. इथे तीन मजल्यांतच ती जमली होती. पण याची दुसरी बाजूही तिथेच दिसते. त्या काळ्या टाक्या उगाच नाहीत, या भागात नळाला पाण्याचा भरवसा नसतो. माणसं जवळ आली म्हणून सोयी आपोआप येत नाहीत. त्या कुणीतरी आणाव्या लागतात.

आई जर्सी सिटीत

जानेवारीत आई माझ्याकडे आली. दादा कुरकुरला. "अगं, बाहेर बर्फ, तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिच्या गुडघ्यांचं काय?" मुद्दा बिनतोड होता. माझं घर म्हणजे जर्नल स्क्वेअरजवळचा वन बीएचके. स्वयंपाकघरात एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेरून बोलायचं. जर्सी सिटीची घनता साडेसात हजारांच्या वर. शीटच्या भाषेत, वाईट मार्क.

चौथ्या दिवशी ऑफिसमधून आले तर आई घरात नाही! फोन घरातच. पोटात गोळा आला. धावत खाली उतरते तर पहिल्या मजल्यावरचं दार उघडं आणि आत आई, इजिप्तच्या एका आजींबरोबर चहा पीत बसलेली. त्यांना हिंदी येत नाही, आईचं इंग्रजी कामापुरतं. पण नातवंडांचे फोटो बघायला भाषा कशाला लागते?

आठवड्याभरात आईचा रूट ठरला. नेवार्क अॅव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर चालत सात मिनिटांवर. तिथे कढीपत्ता, गुजराती दुकानदाराशी ढोकळ्यावरून वाद, देवळात पाच मिनिटं, येताना दूध. डोंबिवलीसारखाच दीड तास. मला ऑफिसात यायचे ते तासतासभराचे फोन बंद झाले. ते बंद झाल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं.

एका रविवारी तिला मॅनहॅटन दाखवलं. टाइम्स स्क्वेअरला ती म्हणाली, "दादरच आहे, फक्त दिवे जास्त." मी तिला आकडा सांगितला. मॅनहॅटनमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे २८,७०० माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा आकडा होता २०,९८०. आईचा विश्वास बसेना. मलाही आधी बसला नव्हता. अर्थात इथेही तीच सरासरीची जादू. आपल्या उपनगराच्या आकड्यात नॅशनल पार्कही येतं, तिथे काय बिबट्यांची शिरगणती करायची? आणि दुसरं म्हणजे, एका चौरस किलोमीटरवर किती माणसं आणि एका खोलीत किती माणसं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मॅनहॅटनने जमिनीवरची माणसं मजल्यांवर वाटून टाकली.

तेही एका दिवसात झालं नाही बरं का. १९१० मध्ये याच बेटावर २३ लाख लोक होते, २०२० मध्ये १७ लाख. तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या चाळींत अंधाऱ्या खोल्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं कोंबलेली होती. १९०४ मध्ये सबवे सुरू झाली, मग ब्रुकलिन, ब्राँक्स, क्वीन्सला राहून कामाला येणं जमायला लागलं आणि बेट थोडं मोकळं झालं. विरार लोकलने गिरगावाला जी वाट दिली, तीच ही.

परत येताना आईला मुद्दाम गटनबर्गला नेलं. मॅनहॅटनच्या समोर, हडसन नदीच्या अलीकडे अर्ध्या चौरस किलोमीटरचं एक स्वतंत्र गाव. लोकसंख्या १२ हजार. घनतेत अमेरिकेतल्या सगळ्या गावा-शहरांत याचा नंबर पहिला. नदीकाठी तीन टोलेजंग टॉवर आहेत, त्यांनी बरीच माणसं सामावली आहेत, पण बाकी गाव साधं दोन-तीन मजली. बर्गनलाइन अॅव्हेन्यूवर छोट्या खासगी बसेस धावतात, हात दाखवा आणि बसा. आई एकदम खूश. "ही तर आपली शेअर रिक्षा!"

टोरांटोत आलेला फोन

फेब्रुवारीत तीन दिवस टोरांटोला जायचं होतं. आई म्हणाली, "जा गं, मी राहीन." गेले.

मावसबहीण राहते नॉर्थ यॉर्कमध्ये, यंग स्ट्रीटवरच्या टॉवरमध्ये. खाली मेट्रो, मागे मॉल. तिच्या गॅलरीतून अजब देखावा दिसतो. रस्त्याच्या कडेला टॉवर्सची रांग आणि ती रांग संपली की लगेच, अगदी दोन मिनिटांवर, कौलारू बंगले. मधलं काहीच नाही! जणू कुणी पट्टीने रेघ मारून सांगितलंय, गर्दीने इथेच थांबायचं. आणि खरंच मारली होती. शहराच्या निवासी भागाच्या मोठ्या पट्ट्यात वर्षानुवर्षं प्लॉटवर एकच घर चालायचं. २०२३ मध्ये टोरांटोने शहरभर एका प्लॉटवर चार घरांपर्यंत परवानगी दिली. टोरांटोची सरासरी सुमारे ४,४००, पण टॉवरमधली मुलगी आणि बंगल्यातले काका यांच्यापैकी एकाचंही जगणं तो आकडा सांगत नाही.

हे सगळं मी तिच्या गॅलरीत उभी राहून ऐकत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, जर्सी सिटीचा. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा नातू. "तुमच्या आई बर्फावरून घसरल्या. बाहेरच्या पायऱ्यांवर. काळजी करू नका, आम्ही आहोत."

पुढची काही मिनिटं माझ्या डोक्यात फक्त दादाचं वाक्य होतं. तिच्या गुडघ्यांचं काय? मग आई स्वतः फोनवर आली. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. समोरच्या दुकानातल्या मुलाने धावत येऊन उठवलं, नातवाने डॉक्टरकडे नेलं, आजींनी पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, बर्फच लाव म्हणून दटावलं. रात्री जेवणही त्यांच्याकडचंच. हे सगळं ती कौतुकाने सांगत होती. मी रडत होते.

"अगं, रडतेस काय? तिकडे दादाकडे पडले असते ना, तर सहा वाजेपर्यंत तशीच बसले असते."

ती हे सहज म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "एकदा बसलेही होते. चक्कर आली होती. दादाला नको सांगूस."

नवा कॉलम

परत आल्यावर मी शीट उघडली. फिरता फिरता आकडे भरत गेले होते. सगळे २०२०-२१ च्या जनगणनांचे, दर चौरस किलोमीटरला, मोघम :

मॅनहॅटन – २८,७००
न्यूयॉर्क (पूर्ण शहर) – ११,३००
सॅन फ्रान्सिस्को – ७,२००
मेक्सिको सिटी – ६,२००
व्हँकुव्हर – ५,७५० (कॅनडातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात दाट, गावाच्या मधून फ्रीवे जाऊच दिला नाही)
मॉन्ट्रियल – ४,८०० (तीन मजली घरं, जिने बाहेरून)
शिकागो – ४,६५०
टोरांटो – ४,४००
लॉस एंजेलिस – ३,२००
डेट्रॉइट – १,८०० (१९५० मध्ये साडेअठरा लाख लोक होते, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत)
ह्यूस्टन – १,४००
फिनिक्स – १,२००
जॅक्सनव्हिल – ५०० (१९६८ मध्ये शहरात अख्खा जिल्हाच विलीन केला, म्हणून)

यादी दिसायला झकास. पण आई कुठे राहू शकेल, मी कुठे राहू शकेन, ते तिच्यात कुठेच नव्हतं. मग मी शेवटी एक कॉलम वाढवला. नाव दिलं, "दूध." घरातून पायी निघून दूध घेऊन परत यायला किती मिनिटं आणि वाटेत किती माणसं. केटी : जमत नाही. नॉर्थ यॉर्क : दहा मिनिटं, लिफ्ट धरून. इस्तापालापा : कोपऱ्यावरचं दुकान. जर्सी सिटी : आठ मिनिटं, आई असेल तर दीड तास.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मेल टाकला. इथेच राहते.

दादाला वाईट वाटलं. दोन दिवस नीट बोलला नाही. खरं सांगायचं तर तो चुकलेला नाही. दोन मुलं, चांगली शाळा, मागे सायकल फिरवायला जागा, दोघांच्या पगारात बसणारं घर. हे सगळं त्याला माझ्या गल्लीत मिळालं नसतं, मिळालं असतं तर तिप्पट पैशांत. आणि माझीही काही चंगळ नाही. भाडं भरताना दर महिन्याला ह्यूस्टन आठवतं. वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री बाराला फर्निचर सरकवतो, का ते देव जाणे. जिने तर आहेतच. ज्या पायऱ्यांवर आई घसरली त्याच पायऱ्यांनी तिला माणसं दिली, हा हिशोब कुठल्या फॉर्म्युल्यात बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

चक्कर आल्याचं दादाला मी सांगितलं नाही. आईने स्वतःच सांगितलं, निघायच्या आदल्या रात्री. आता तो म्हणतोय, पुढच्या वेळी आई आली की मधल्या दिवसांत तिला रिंगरोडच्या आतल्या मित्राकडे, त्या टाउनहाउसेसच्या गल्लीत सोडत जाईन. तिथे कोपऱ्यावर दुकान आहे म्हणे. त्यानेही दूध मोजायला सुरुवात केलीय तर!

मार्चमध्ये आई डोंबिवलीला परतली. आठवड्यातून दोनदा फोन करते. स्टेशनवरची गर्दी, मेला तो पूल, रिक्षावाल्यांची मुजोरी, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडते. दर वेळी तीन-चार मिनिटं होतात न होतात तोच मागे बेल वाजते.

"थांब गं, दारावर कुणीतरी आलंय," म्हणते आणि ठेवून देते.